लंगडी घालता येते का अजून?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



काल रात्री दीड वाजेपर्यंत गप्पा मारून आज सकाळी नऊच्या ठोक्याला तुम्ही इथे बसला आहात, याचं मला खरंच कौतुक वाटतं. शाळेत असताना आपण इतक्या वेळेवर कधी आलो नव्हतो. समोर बसलेले सर आणि बाई याला साक्षीदार आहेत.

संयोजकांचा महिन्याभरापूर्वी फोन आला. म्हणाले, "तू सॉफ्टवेअरवाली. ए.आय.वर बोल. आमच्या नोकऱ्या जाणार का ते सांग." मी म्हटलं, त्याचं उत्तर मलाच कोणीतरी द्या. पण मला एका विषयावर बोलायचंय, तोल. पलीकडे जरा शांतता. मग, "म्हणजे मनाचा तोल ना? छान, छान, अध्यात्मिक." मी म्हटलं, नाही रे, पायाचा.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही आणि फिजिओथेरपिस्टही नाही. आपल्या तुकडीतले दोन डॉक्टर दुसऱ्या रांगेत बसलेत, मी चुकले तर त्यांनी बिनधास्त टोकावं. मी बोलणार आहे ती एकच घोटा तीनदा मुरगळून घेतलेली एक इंजिनीअर म्हणून. आणि आईची मुलगी म्हणून. ते दुसरं जरा पुढे येईल.

आठवा. आपल्याला तोल सांभाळायला कोणी शिकवलं? शाळेत यायचं तर पाखाडीच्या पायऱ्या. पावसाळ्यात त्यांवर हे एवढं शेवाळं. पाखाडी टाळायची तर खालून शेताच्या बांधावरून, एका हातात चपला, दुसऱ्या हातात छत्री, पाठीवर दप्तर. ओढ्यावरचा साकव म्हणजे पोफळीची दोन खोडं आणि एका बाजूला बांबूचा कठडा, तोही हलणारा. सुट्टीत जांभ्याच्या गडग्यावरून न पडता शेवटच्या फणसापर्यंत कोण जातं याच्या पैजा. मधल्या सुट्टीत ठिकरी, लगोरी. शनिवारी पी.टी.च्या तासाला सगळ्यांची लंगडी, आणि २६ जानेवारीच्या आधी महिनाभर लेझीम. याला कोणी व्यायाम म्हणत नव्हतं. पण पायाखाली रोज वेगळी जमीन होती आणि शरीर रोज तिच्याशी जुळवून घेत होतं.

मग मी पुण्याला गेले. होस्टेल, कॉलेज, नोकरी. लिफ्टने खाली, गाडीत बसायचं, लिफ्टने वर, खुर्चीत बसायचं. चालायचं ते ट्रेडमिलवर, म्हणजे अगदी सपाट पट्ट्यावर. जवळजवळ वीस वर्षं माझ्या पायाखाली एकही वाकडी जागा आली नाही.

पहिल्यांदा घोटा मुरगळला तो ऑफिसच्या जिन्यात. हातात मोबाइल, शेवटची पायरी राहिली आहे हे कळलंच नाही. पाय आतल्या बाजूला वळला, 'कट' असा आवाज झाला आणि अर्ध्या तासात घोट्यावर टेंगूळ. एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, "हाड शाबूत आहे. क्रेप बँडेज बांधा, दोन आठवडे जपा, मग विसरून जा." मी आज्ञाधारकपणे विसरून गेले. आठ महिन्यांनी भाच्याच्या मुंजीत, उंच टाचेच्या चपलेत, तोच घोटा. आणि तीन वर्षांपूर्वी तिसऱ्यांदा, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. सपाट जमीन, साधी चप्पल, हातात मोबाइलसुद्धा नाही. तेव्हा मात्र मी घाबरले. कारण सापडलं तर माणूस ते टाळतो. इथे कारणच नव्हतं.

या वेळी मैत्रिणीच्या आग्रहाने फिजिओथेरपिस्टकडे गेले. पंचविशीची मुलगी. तिने घोटा दाबून पाहिला, वळवून पाहिला, आणि मग म्हणाली, "मॅडम, डाव्या पायावर उभ्या राहा." राहिले, तीस सेकंद. "आता उजव्या." चौथ्या सेकंदाला भिंत धरली. "आता डोळे मिटून." एक सेकंदही नाही. मी तिला म्हटलं, अहो, मी रोज पाच किलोमीटर चालते. ती म्हणाली, "तुमच्या पायात ताकद आहे. पण पाय कुठे आहे ही खबर वर वेळेवर पोचत नाहीये."

खबर वेळेवर पोचत नाहीये, हे वाक्य कोणत्याही इंजिनीअरला झोपेतून उठवेल. घरी येऊन मी त्यामागे लागले. जे वाचलं आणि त्या मुलीकडून जे समजून घेतलं, ते थोडक्यात सांगते.

सगळ्यांनी एक क्षण डोळे मिटा. उजव्या हाताच्या बोटाचं टोक नाकाला लावा. लागलं? हात दिसत नव्हता, नाकही दिसत नव्हतं, मग कळलं कसं? आपल्या स्नायूंच्या आत अतिशय बारीक संवेदक असतात. स्नायू किती ताणला गेला आणि किती वेगाने, हे ते मोजतात. स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरांमध्ये दुसरे असतात, ते जोर मोजतात. सांध्यांभोवतीच्या आवरणात आणि लिगामेंटमध्ये आणखी काही. या सगळ्यांची खबर सतत मेंदूकडे जात असते. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ मध्ये या जाणिवेला जे नाव दिलं त्यातून 'प्रोप्रिओसेप्शन' हा शब्द रूढ झाला. पुढे १९३२ चं नोबेलही त्यांना मिळालं. शब्द अवघड आहे, अर्थ सोपा. आपलं अंग कुठे आहे हे न बघता कळणं.

उभं राहायला आपण तीन ठिकाणची माहिती वापरतो. डोळे, आतला कान आणि ही अंगाची जाणीव. एक कमी पडलं तर उरलेली दोन सांभाळून घेतात. म्हणूनच कमी पडलेलं आपल्या लक्षात येत नाही.

ही जाणीव पूर्णच गेली तर काय होतं, याचं एक खरं उदाहरण आहे. इंग्लंडमध्ये इयन वॉटरमन नावाचा तरुण होता. १९७१ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, एका आजारपणानंतर त्याची मानेखालची ही जाणीव आणि स्पर्शही गेला. स्नायू शाबूत, ताकद शाबूत, पण त्याला बसतासुद्धा येईना. पुढे त्याने प्रत्येक अवयवाकडे बघत बघत, विचार करत करत हालचाल करणं शिकून घेतलं आणि तो चालू लागला. पण खोलीतला दिवा गेला की तो कोसळायचा, कारण त्याचं सगळं अंग डोळ्यांवर उभं होतं. जोनाथन कोल या डॉक्टरांनी त्याच्यावर पुस्तक लिहिलं आहे. हा दिवा जाण्याचा भाग लक्षात ठेवा, मी पुन्हा तिथे येणार आहे.

आता माझा घोटा. लंडनच्या फ्रीमन नावाच्या अस्थिशल्यविशारदाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्येच एक गोष्ट मांडली होती. घोटा मुरगळलेले कित्येक जण बरे झाल्यावरही म्हणतात की पाय मधूनच दगा देतो. त्यातल्या अनेकांचं लिगामेंट काही सैल झालेलं नसतं. मग होतं काय? लिगामेंट ताणलं जाताना त्यातले मज्जातंतूही दुखावतात आणि तिथून येणारी खबर बिघडते, असं त्यांचं म्हणणं. हलत्या फळीवर तोल सांभाळायचा सराव ज्यांनी केला, त्यांची ही तक्रार बरीच कमी झाली. त्यानंतर हे चित्र अधिक गुंतागुंतीचं आहे असं दिसून आलं आहे, पण मुरगळलेल्या घोट्याला तोलाचा सराव द्यायचा ही गोष्ट टिकून राहिली. आणि मला दोन आठवड्यांत 'विसरून जा' सांगितलं होतं! दुखणं थांबलं की काम संपलं असं आपण धरतो. खरं तर अर्धं काम तिथून पुढे असतं.

इथे मला एक शंका आली, ती तुमच्यातल्या इंजिनीअरांनाही येईल. घोटा मुरगळायला सेकंदाचा दहावा भागसुद्धा लागत नाही. इतक्या वेळात खबर वर जाऊन, हुकूम खाली येऊन, स्नायू आवळून पाय सावरणार कसा? उत्तर असं की पुष्कळदा सावरत नाहीच, उशीर झालेला असतो. सराव असलेल्या माणसाचा पाय जमिनीला टेकण्याआधीच तयार असतो. पाऊल हवेत असतानाच मेंदूला अंदाज असतो की खाली काय येणार आहे, आणि घोट्याभोवतीचे स्नायू त्या बेताने आधीच आवळलेले असतात. हा अंदाज रोजच्या हजार छोट्या चुकांमधून तयार होतो. बांधावर घसरलेलं पाऊल, साकवावर डगमगलेलं पाऊल, त्या त्या वेळी त्याने काहीतरी शिकवलेलं असतं. मी वीस वर्षं माझ्या पायाला चुका करायलाच दिल्या नव्हत्या.

गुडघ्याचंही तसंच. झिजलेली कुर्ची या व्यायामाने भरून येत नाही, हे स्पष्ट सांगते. पण मांडीचे आणि खुब्याचे स्नायू वेळेवर आवळले गेले तर गुडघा जागेवर राहतो, पावलागणिक लचकत नाही. खेळाडूंच्या बाबतीत हे तपासलं गेलं आहे. फुटबॉलसाठी 'फिफा ११ प्लस' नावाचा वीस मिनिटांचा सराव आहे. त्यात धावणं, ताकद, एका पायावर तोल, उडी मारून नीट उतरणं असं सगळं येतं. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींमध्ये त्याची चाचणी झाली आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या संघांनी तो केला, त्यांच्या एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी होत्या. आपल्या मुली बास्केटबॉल, बॅडमिंटन खेळत असतील तर मैदानावर थेट उड्या मारण्याआधी त्यांच्या कोचना हे नक्की विचारा.

मला त्या मुलीने दिलेला सराव मी तीन महिने केला. एका पायावर उभं राहणं, मग उभं राहून चेंडू झेलणं, मग घडी घातलेल्या सतरंजीवर तेच. आज उजव्या पायावर चाळीस सेकंद उभी राहते. तेव्हापासून घोटा मुरगळलेला नाही. इथेच भाषण संपलं असतं तर बरं झालं असतं.

आता आईबद्दल. तुमच्यापैकी निम्म्यांनी तिच्या हातची आंबोळी खाल्ली आहे. बाबा गेल्यापासून ती गावच्या घरात एकटी असते. पुण्याला ये म्हटलं की म्हणते, "तिथे मी बघू काय? समोरची बिल्डिंग?"

मी ऐन सरावात होते त्या वर्षी गणपतीला आलो होतो. सकाळी मी पडवीत एका पायावर उभी राहून दात घासत होते. आई माजघराच्या दाराची चौकट धरून उभी होती. म्हणाली, "हे काय गं बगळ्यासारखं?" आम्ही दोघीही पोट धरून हसलो.

ती चौकट धरून उभी होती, हे मी पाहिलं होतं. तिने साडी नेसताना कॉटला टेकायला सुरुवात केली होती, हेही पाहिलं होतं. चालताना ती सतत पावलांकडे बघत होती. देवळात जायचं तिने सोडलं होतं, "गुडघे धरतात" म्हणून. हे सगळं बघून मी मनात म्हटलं, वय झालं आता. माझा घोटा चौथ्या सेकंदाला डगमगला तेव्हा मी पुण्यातली फिजिओथेरपिस्ट गाठली. आईची सगळी लक्षणं डोळ्यांसमोर होती आणि मला ती लक्षणं वाटलीच नाहीत.

दहा महिन्यांनी, आषाढात, संध्याकाळी सातच्या सुमारास वीज गेली. आई बॅटरी आणायला उठली. मागीलदारची ओली पायरी, अंधार. मी म्हटलं होतं ना, दिवा जाण्याचा भाग लक्षात ठेवा. आईचंही अंग बरंचसं डोळ्यांवर उभं होतं, ते आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. खुब्याचं हाड मोडलं. आपल्या पाखाडीवरून अँब्युलन्स येत नाही. शेजारच्या चार मुलांनी तिला खुर्चीत बसवून, पावसात, पाखाडी उतरवून रस्त्यापर्यंत आणलं. त्यातला एक आपल्याच वर्गातला आहे आणि त्याने इथे नाव घेऊ नको म्हणून मला दम दिला आहे.

ऑपरेशन चांगलं झालं. हाड जुळलं. पण भीती राहिली. वॉकर समोर ठेवला तरी ती खुर्चीतून उठेना. पडायची भीती म्हणून चालायचं नाही, चालायचं नाही म्हणून पाय दुबळे, पाय दुबळे म्हणून पडायची शक्यता जास्त, असं ते चक्र. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दर वर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात. त्यात सर्वाधिक प्रमाण साठीपुढच्या माणसांचं आहे. आपल्याकडे "पडण्याचं निमित्त झालं" असं म्हणायची पद्धत आहे. मला आता ते वाक्य ऐकवत नाही. निमित्तावर काही इलाज नसतो, यावर आहे.

इलाज आहे असं मी कशावरून म्हणते? साठीच्या पुढच्या, आपापल्या घरी राहणाऱ्या माणसांवर झालेल्या १०८ चाचण्या एकत्र करून २०१९ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात २३ हजारांहून अधिक माणसं होती. व्यायाम करणाऱ्यांमध्ये पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी आढळलं, आणि त्या व्यायामाच्या मध्यभागी होता तोल आणि रोजच्या हालचाली, म्हणजे उठणं, बसणं, पाऊल टाकणं. नुसतं चालणं त्यात पुरेसं ठरल्याचं दिसलं नाही. गंमत म्हणजे या आढाव्याच्या प्रमुख संशोधक ऑस्ट्रेलियातल्या आहेत आणि त्यांचंही आडनाव शेरिंग्टन आहे, कॅथी शेरिंग्टन.

तर आईचं आम्ही असं केलं. पहिला महिनाभर तालुक्याहून फिजिओथेरपिस्ट घरी आले. नंतर रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर मी, आणि तिच्या शेजारी उभी राहायला शेजारच्या वहिनी. आमच्या कंपनीत रोज सकाळी 'स्टँड-अप' नावाची मीटिंग असते, तिच्यात सगळे बसलेले असतात. माझा आणि आईचा खरा स्टँड-अप त्याच्या आधी पंधरा मिनिटं. स्वयंपाकघराच्या ओट्याला दोन्ही हात धरून उभं राहणं. मग एक हात. मग फक्त बोटांची टोकं. खुर्चीतून हात न टेकता उठणं तिला पहिल्यांदा जमलं, त्या दिवशी तिने मला "आज तुझी मीटिंग रद्द कर" असं फर्मावलं.

दीड वर्ष झालं. ती अजून देवळापर्यंत जात नाही. काठी आणि वहिनींना घेऊन पाखाडीच्या वीस पायऱ्या उतरते आणि चढते. बाकीच्या तिथेच आहेत, बघू. आज ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. फाटकापासून इथपर्यंत चालत आली आहे.

(टाळ्या)

टाळ्या पुरे, आता उभे राहा. नाही, खरंच. गुरुजनांनी आणि ज्यांना चक्कर येते, ज्यांचं नुकतं ऑपरेशन झालंय त्यांनी बसूनच राहावं. बाकीच्यांनी चपला-बूट काढा. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर एक बोट ठेवा. आता एक पाय उचला, दुसऱ्या पोटरीच्या मागे न्या. जमलं तर बोट काढा. नजर समोर. मी मोजते, दहापर्यंत.

(इथे सर्वांनी करून पाहिले. सभागृहात बराच हशा आणि खुर्च्यांचे आवाज.)

बसा. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ जणांकडून हीच दहा सेकंदांची चाचणी करून घेतली होती. २०२२ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पाचातल्या साधारण एकाला ती जमली नाही, आणि पुढच्या काही वर्षांत त्या गटात मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. लगेच घाबरू नका. एका पायावर उभं राहता न येण्याने कोणी मरत नाही. मधुमेह, वजन, वय, हृदय अशा पुष्कळ गोष्टी त्यामागे असतात. पण काहीतरी बिनसलंय हे सांगणारी इतकी स्वस्त चाचणी दुसरी नसेल.

आता घरी काय करायचं ते सांगते. अनवाणी, कोरड्या जमिनीवर, ओट्याच्या किंवा भिंतीच्या हाताशी. मी चहाचं आधण ठेवलं की करते. चहा उकळेपर्यंत होऊन जातं आणि वेगळा वेळ काढावा लागत नाही.

पहिली पायरी, दोन्ही पावलं जुळवून अर्धा मिनिट उभं राहणं. दुसरी, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लागेल असं एकापुढे एक पाऊल ठेवून उभं राहणं. हे दिसतं त्यापेक्षा अवघड आहे. तिसरी, एका पायावर, आधी दहा सेकंद, हळूहळू तीस. टेकलेला गुडघा ताठ करू नका, किंचित सैल ठेवा. चौथी, तसंच उभं राहून मान हळू डावीकडे, उजवीकडे. डोळ्यांचा आधार हलला की पायाला स्वतः काम करावं लागतं. पाचवी, पायाखाली घडी घातलेली चादर. डोळे मिटून करायचं ते सगळ्यात शेवटी, भिंतीच्या कोपऱ्यात उभं राहून, आणि वयस्कर माणसांनी एकट्याने अजिबात नाही. सोबत खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, आणि दहा वेळा टाचा उचलणं. एक पायरी सोपी झाली की पुढची घ्यायची. थोडं डगमगायला हवं. अजिबात डगमगत नसाल तर पाय काही शिकत नाहीये. आठवड्यात तीन-चार दिवस तरी, सहा ते आठ आठवडे केलं की फरक कळू लागतो, आणि सोडलं की हळूहळू जातो. वृक्षासन येत असेल त्यांनी तेच करावं, मात्र तळपाय गुडघ्यावर टेकवू नये. पोटरीवर किंवा मांडीवर.

दोन-तीन गोष्टी व्यायामाच्या आधीच्या. तळपाय बधिर वाटत असतील, कापसावर चालल्यासारखं वाटत असेल, तर आधी रक्त तपासा. मधुमेहात पायाच्या मज्जातंतूंना इजा होते. बी-१२ खूप दिवस कमी असेल तरी मज्जारज्जूतून हीच खबर वाहून नेणाऱ्या तंतूंना इजा होऊ शकते. आपल्यातल्या शाकाहारी मंडळींनी हे विशेष ध्यानात घ्यावं. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी तोल जातो, तेव्हा त्या परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारा. मोतीबिंदू असेल तर तो काढा. घसा उतरलेल्या रबरी चपला टाकून द्या. आणि न्हाणीघराच्या वाटेवर रात्री एक छोटा दिवा लागू द्या, वीज गेली तरी चालणारा. तो आमच्या मागीलदारी आता आहे.

माझ्या मघाच्या मोजणीत आपले पी.टी.चे सर बसून राहिले नाहीत. मी व्यासपीठावरून बघत होते, ते खुर्ची धरून उभे राहिले आणि सहापर्यंत टिकले. आणि मग नेहमीच्या आवाजात त्यांनी विचारलं, "बाद कोण कोण?" सर, लंगडीत पाय टेकला की बाद, हा तुमचा नियम. या वयात तो तेवढा बदलून घेऊया. पाय टेकला की पुन्हा उचलायचा.

हे भाषण काल रात्री मी आईला वाचून दाखवलं. तिची एक दुरुस्ती आहे. "पहिल्या दिवशी कोणीतरी शेजारी उभं राहायला हवं, हे सांग. व्यायाम कागदावर लिहून देऊन निघून जाऊ नका म्हणावं."

तर एवढंच. आपल्यापैकी बरेच जण आज संध्याकाळी आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना भेटायला जाणार आहात. त्यांच्याशी बोलताना त्यांच्या हातांकडे बघा. दाराची चौकट धरतायत का, भिंतीला बोटं लावून चालतायत का, साडी किंवा पँट घालताना टेकतायत का. तसं दिसलं तर माझ्यासारखं हसून सोडून देऊ नका. दोघं मिळून ओट्याला हात धरा आणि दहापर्यंत मोजा.